नंदीबैलाचा होकार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत लातूर येथे बहिणीच्या घरी चार दिवस राहण्याचा योग आला. एके दिवशी दुपारी माझी दहा-अकरा वर्षांची भाची हातातील टॅबलेट जमिनीवर ठेवून त्यावर एक खेळ लावून बसली होती. खेळ तिच्यासाठी नव्हता. घरच्या मांजरीसाठी होता. काचेवर निळे पाणी, पाण्यात एक तांबडा मासा. मांजरीने पंजा मारला की मासा सुळकन दुसरीकडे जाई आणि कोपऱ्यात एक आकडा वाढे. मांजर पंजे मारीत होती, आकडा वाढत होता. "मामा, बघा तरी, तिला किती आवडतंय!" भाची म्हणाली. काही वेळाने मांजर थांबली. टॅबलेटाची कड तिने हुंगली, तिच्याखाली पंजा घालून पाहिला, आणि मग उठून ती मागच्या बाजूस मासा शोधू लागली. तेथे नुसती फरशी होती. "आता कंटाळली," असा भाचीने निर्णय दिला. ती कंटाळली होती, की आपण फसलो असे तिला कळले होते, की यांपैकी काहीच झाले नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही. परंतु 'तिला आवडते' हे वाक्य ज्या आधारावर उच्चारले गेले, तो आधार म्हणजे कोपऱ्यातील आकडा होता, एवढे मात्र खरे.

जनावरांसाठी खेळ रचणे हा आता एक स्वतंत्र उद्योग झाला आहे, इतकेच नव्हे तर विद्यापीठांतील एक अभ्यासविषयही झाला आहे. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठातील क्लारा मान्चिनी या विदुषीने २०११ साली या विषयाचा एक जाहीरनामाच प्रसिद्ध केला. माणसांसाठी यंत्रे रचताना माणसास काय हवे हे आपण विचारतो, त्याचप्रमाणे जनावरांसाठी रचताना जनावरास विचारले पाहिजे, आणि त्यास त्यातून केव्हाही अंग काढून घेता आले पाहिजे, असे तिचे व तिच्या पंथाच्या लोकांचे म्हणणे आहे. म्हणणे रास्त आहे. परंतु विचारावयाचे कसे, आणि मिळालेले उत्तर जनावराचेच आहे हे ओळखावयाचे कसे, या ठिकाणी गाडे अडते. हे अडणे नवे नव्हे. आमच्या मराठवाड्यात तर ते प्रत्येकाने लहानपणी आपल्या दारात पाहिले आहे.

माझे बालपण उदगीरच्या बाजूस एका खेड्यात गेले. सुगी आटोपली की नंदीबैलवाले येत. ढोलावर काठी घासून काढलेला तो गुबूगुबू आवाज वेशीतून ऐकू आला की आम्ही मुले पाटी-पुस्तक टाकून धावत सुटत असू. अंगावर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ असा तो धिप्पाड बैल दारात उभा राही. मालक त्यास प्रश्न विचारी आणि बैल मान हलवून उत्तर देई. माझी आजी सुपात जोंधळे घेऊन बाहेर येई व दरसाल एकच प्रश्न विचारी: "पाऊसपाणी बरं होईल का रे बाबा?" बैल गंभीरपणे होकार देई आणि जोंधळे झोळीत पडत. एके वर्षी मी पुढे होऊन विचारले, "यंदा पाऊस पडणार नाही, खरं ना?" बैलाने तितक्याच गंभीरपणे होकार दिला. मंडळी हसली, आजी मात्र रागावली. नंदीबैलवाल्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले व ढोलावरील काठीची चाल किंचित बदलली. त्याबरोबर बैलाने मान आडवी हलविली. "बघा माय, नाही म्हणतो," तो आजीला म्हणाला. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली: उत्तर बैलाच्या मानेतून येत असले तरी ते निघते ढोलातून.

मराठी भाषेनेही हे फार पूर्वीच ओळखले आहे. दुसऱ्याच्या प्रत्येक म्हणण्यास मान डोलावणाऱ्या माणसास आपण नंदीबैल म्हणतो. यात अन्याय असा की, बैल बिचारा मान डोलावतो ती त्याच्या मते होकारार्थी नव्हेच. होकार आणि नकार हे दोन्ही अर्थ आपण त्या हालचालीस चिकटविलेले आहेत.

बर्लिन शहरात याच जातीचा एक प्रसंग मोठ्या विद्वानांच्या समोर घडला. फॉन ओस्टेन नावाचा एक निवृत्त शिक्षक होता. त्याने हान्स नावाच्या घोड्यास अंकगणित शिकविल्याची वार्ता पसरली होती. प्रश्न विचारला की घोडा खुराने ठोके देऊन बरोबर उत्तर देई. १९०४ साली तज्ज्ञांच्या मंडळाने तपास केला आणि त्यात लबाडी नाही असा निर्वाळा दिला. तो निर्वाळा खोटा नव्हता. पुढे ओस्कार फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले, तेव्हा असे आढळले की, प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याच्या नजरेआड असला, म्हणजे हान्सचे गणित चुकते. योग्य ठोका पडताच विचारणाऱ्याची मान नकळत यत्किंचित हलत असे, आणि घोडा नेमका तेथे थांबत असे. १९०७ साली फुंग्स्टने हे सर्व प्रसिद्ध केले. नंदीबैलवाला आणि फॉन ओस्टेन यांत भेद एवढाच की, पहिल्यास आपला ढोल ठाऊक होता आणि दुसऱ्यास आपली मान ठाऊक नव्हती. मला विचाराल तर पहिला अधिक निरुपद्रवी. जाणून केलेली फसवणूक केव्हा तरी उघडी पडते, पण स्वतःचीच झालेली फसवणूक शास्त्राच्या नावाखाली दीर्घकाळ नांदू शकते.

आता थोडे मागे, बरेच मागे जाऊ. लातूर आणि नांदेड हे जिल्हे इतिहासात कधी आडबाजूस नव्हते. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर नगरीचे अधीश्वर म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर, असे बहुतेक पंडित मानतात. त्यांच्यामागून आलेल्या चालुक्यांची राजधानी कल्याणी आज कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात बसवकल्याण या नावाने आहे. ती आमच्या निलंग्याहून फारशी दूर नाही, आणि देगलूर तालुक्यातील होट्टलची देवळे त्याच चालुक्यांच्या काळाची साक्ष देत उभी आहेत. या कल्याणीच्या गादीवर बाराव्या शतकात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ज्या दरबारात लिहिली गेली, त्या सहाव्या विक्रमादित्याचा हा पुत्र. रणांगणावर त्याने फार मोठे पराक्रम केल्याचे दिसत नाही. परंतु शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' नावाचा जो संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यास तोड नाही. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन हाती घेतले आणि पहिला भाग १९२५ साली बाहेर पडला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे मराठीच्या अभ्यासकांस तो विशेष प्रिय आहे.

या ग्रंथाच्या वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती आहेत. राज्य मिळवावे कसे, टिकवावे कसे, उपभोगावे कसे, हे सांगून झाल्यावर चौथी येते ती विनोदांची, आणि पाचवी क्रीडांची. विनोद म्हणजे राजाच्या मनाचे रंजन. यात शास्त्रचर्चा आहे, गीत, वाद्य, नृत्य, कथा आहे. आणि जनावरे तर किती म्हणून सांगावी! हत्ती व घोडे धावविण्याची वाह्याली, कोंबड्यांच्या झुंजी, लाव्यांच्या झुंजी, एडक्यांच्या, रेड्यांच्या, मग पारवे, शिकारी कुत्रे, ससाणे, मासे आणि शेवटी मृगया. प्रत्येक ठिकाणी त्या त्या प्राण्याच्या जाती, लक्षणे, आहार, त्यास तयार करण्याची रीत हे सर्व राजा इतक्या आस्थेने सांगतो की, हा मनुष्य केवळ सिंहासनावरून पाहत नव्हता, तबेल्यात व पागेत जाऊन बसत होता, अशी आपली खात्री पटते. कोणता मासा कोणत्या आमिषास भुलतो हेदेखील त्यास ठाऊक आहे.

मग क्रीडांची विंशती उघडावी. तेथे वनक्रीडा आहे, जलक्रीडा आहे, झोपाळे आहेत, पट मांडून खेळावयाचे डाव आहेत. येथे खेळणारी आहेत ती माणसे. राजा, त्याच्या स्त्रिया, त्याचे सोबती. जनावरांचा तो थोरला मेळा मागच्या विंशतीतच राहिला. सोमेश्वराने ही विभागणी काही सिद्धान्त म्हणून केलेली नाही, आणि तिच्यावर मी अधिक भार घालतो आहे असा आक्षेप कोणी घेतल्यास तो मी मान्य करीन. तरीसुद्धा ती मला फार बोलकी वाटते. जनावर हे विनोदाचे साहित्य आहे. क्रीडेतील गडी नव्हे. त्याची भूक, त्याचा राग, त्याची भीती, त्याचा वेग, सर्व काही राजास माहीत आहे, आणि त्या माहितीच्या जोरावरच खेळ उभा राहतो. त्यास हा खेळ हवा आहे काय, हा प्रश्न ग्रंथात येत नाही. येण्याचे कारणही नव्हते.

मृगयेचा विषय निघालाच आहे तर सोपाऱ्याची आठवण करून द्यावीशी वाटते. भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ साली तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. योगायोग असा की, पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, तीत शिकार व तसल्याच करमणुकी चालत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक सांगतो तो हाच लेख. म्हणजे आमच्या या भूमीत दोन राजांची दोन उत्तरे नोंदलेली आहेत. एकाने जनावरांचा खेळ सोडून दिला. दुसऱ्याने तो सांभाळला, जनावरांस उत्तम खाऊपिऊ घातले व त्याचा ग्रंथ केला. पुढील सर्व वाद या दोन उत्तरांतच घोटाळत राहिला आहे.

सोमेश्वराच्या विनोदांपैकी एक मात्र मला थोडा निराळा वाटतो, तो ससाण्याचा. कोंबड्यास रिंगणातून जाता येत नाही, रेड्याच्या वेसणीस दोर असतो. परंतु ससाणा एकदा मुठीवरून उडाला की त्याच्या आणि आकाशाच्या मध्ये कोणीही नसते. तो परत येतो. का येतो? प्रेमाने येतो अशी पाळणाऱ्याची समजूत असते. वस्तुतः त्याचे वजन तोलून मापून, तो पुरता धाला असा कधी न ठेवता, नेमक्या भुकेवर त्यास उडवावयाचे, ही या विद्येची किल्ली आहे. दार उघडे आहे, पण पोट बांधलेले आहे. दाराकडे पाहून जनावराची खुशी ठरविणाऱ्यांनी पोटाकडेही पाहावे, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता अलीकडच्या काळात येऊ. मराठवाड्यात व विदर्भात ज्यास शंकरपट म्हणतात आणि पश्चिमेकडे बैलगाडा शर्यत म्हणतात, तिच्यावरून आपल्या राज्यात मोठे रण माजले. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ करून दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या पंगतीस बैलही बसविला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू व बैलांच्या शर्यती अवैध ठरविल्या. २०१७ साली महाराष्ट्राने आपला कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयाने शर्यती थोपविल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस वाट करून दिली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या निकालांचा कायदेशीर बाजूने ऊहापोह करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून २०१४ च्या निकालातील एक विचार मला महत्त्वाचा वाटला. संकट आले असता पळून जाणे हा बैलाचा स्वभाव आहे, आणि शर्यतीत त्याच भीतीचा उपयोग करून त्यास पळविले जाते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे प्रेक्षकांस जो उत्साह दिसतो ती वास्तविक पलायनाची धडपड असू शकते. याच्या उलट बाजूचे शेतकरी सांगतात: आमच्या बैलास पटाचे मैदान दिसले की तो आपण होऊन फुरफुरू लागतो, त्यास अंड्यादुधाचा खुराक मिळतो, घरच्या लेकरासारखा तो वाढतो. मी अशा माणसांच्या गोठ्यात बसून चहा घेतलेला आहे आणि ती खोटे बोलत नव्हती. त्यांचे प्रेम खरे आहे, खुराक खरा आहे. सोमेश्वराचेही खरेच होते. नव्या नियमांनी चाबूक, पराणी आणि विजेचा धक्का देणारी साधने बंद केली, हे उत्तम झाले. आणि त्यातच या प्रश्नाची परीक्षाही आहे. पराणीची आर काढून घेतल्यावर, ओरड थांबविल्यावर, कासरा सैल सोडल्यावर जो बैल धावेल, तो धावतो आहे असे म्हणावे. असे किती धावतील याविषयी मी पैज घेणार नाही.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांस मी काय म्हणतो ते अधिक लवकर पटेल. मार्गशीर्षातील त्या दिवसांत घोडे, गाढवे, उंट, कुत्रे, आणि आमच्या लाल कंधारी व देवणी जातीचे बैल यांनी तो माळ गजबजून जातो. गिऱ्हाईक दात पाहते, खूर उचलून पाहते, दोन पावले चालवून पाहते. जनावर पाहण्याची एवढी तयार नजर मी अन्यत्र कोठे पाहिलेली नाही. आणि त्याच माळावर वाघ्या हा खंडोबाचा कुत्रा होऊन भुंकतो व कोटंब्यातील प्रसाद खातो! माणसाने जनावराच्या जागी स्वतःस ठेवून पाहण्याचा हा एवढा एकच विधी माझ्या माहितीचा आहे, आणि त्यास आपण सुशिक्षित लोक हसतो.

तर, सोडून देणे आणि सांभाळून वापरणे यांखेरीज काही तिसरे उत्तर आहे काय? विसाव्या शतकातील काही शास्त्रज्ञांनी ते शोधण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतील रॉबर्ट यर्कीस याने १९२५ सालीच असे सुचविले होते की, पिंजऱ्यातील वानरांस खेळण्यासाठी किंवा काम करण्यासाठी साधने निर्माण करून द्यावीत. १९७० नंतरच्या दशकात हॅल मार्कोविट्झ याने ही कल्पना पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात उतरविली. गिबन जातीच्या वानरांनी दिवा लागताच पिंजऱ्याच्या एका टोकाची कळ ओढावयाची, मग झोके घेत दुसऱ्या टोकास जाऊन तेथली कळ ओढावयाची, की खाऊ मिळे. सुस्त पडलेली वानरे हालचाल करू लागली, प्रेक्षक खूश झाले. परंतु दुसरे प्राणिशास्त्रज्ञ म्हणाले की, हे यंत्र वानरास मजूर बनविते. त्यास झाडे द्या, वेली द्या, कळ कशास? टीकेत तथ्य होते. तथापि झाडांनी सजविलेल्या पिंजऱ्यासही गज असतातच, आणि ते पानांआड गेल्याने पाहणाऱ्याच्या मनास जेवढे बरे वाटते तेवढे आतल्या प्राण्यास वाटते की नाही, याची शंका मला येते. खरा प्रश्न पोटाचा आहे. कळ न ओढण्याची मोकळीक वानरास आहे काय? न ओढल्यास तो उपाशी राहणार असेल, तर तो खेळ नव्हे, चाकरी होय.

याविषयी एक जुना प्रयोग मोठा चमत्कारिक आहे. जेन्सेन नावाच्या संशोधकाने १९६३ साली उंदरांपुढे एका वाटीत फुकट दाणे ठेवले आणि शेजारी दांडा दाबला असता दाणा देणारे यंत्र ठेवले. वाटी भरलेली असतानाही उंदीर दांडा दाबून दाणे मिळवीत. भुकेची सक्ती नसताना केलेल्या या श्रमास काय म्हणावे? २०२२ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील काही संशोधकांनी भुंग्यांच्या जातीच्या मधमाश्यांच्या वाटेशेजारी लाकडाचे बारीक गोळे ठेवले. खाद्याकडे जाण्याची सरळ वाट मोकळी होती, गोळा फिरविल्याबद्दल मिळणार काहीच नव्हते. तरी त्या वाट सोडून गोळे फिरवीत, आणि एकीने तर ११७ वेळा फिरविला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ गॉर्डन बर्गहार्ट याने खेळ ओळखण्याच्या ज्या कसोट्या २००५ साली सांगितल्या, त्यांत एक अशी आहे की, प्राणी पोटभर खाल्लेला, निरोगी व निर्भय असताना जे सुरू होते तो खेळ. मला ही कसोटी फार आवडते, कारण तिच्यापुढे ससाणाही उतरत नाही, झुंजीचा कोंबडाही उतरत नाही, आणि शर्यतीचा बैल उतरलाच तर पुष्कळ अटी घालूनच उतरेल.

या कसोटीवर आजची यंत्रे घासून पाहावीत. युरोपातील डुक्करपालनाचे गोठे म्हणजे सिमेंटच्या जमिनीवरील दाटीच्या कोठड्या. डुक्कर हा बुद्धिमान व चौकस प्राणी; काहीच उकरावयास नसले म्हणजे ती एकमेकांच्या शेपट्या चावतात. म्हणून तेथील राष्ट्रसंघाने २००१ सालच्या आदेशान्वये गवत, लाकूड असे काही तरी हाताळण्याजोगे साहित्य त्यांस सदैव दिले पाहिजे असा नियम केला. तो नियम डोळ्यांपुढे ठेवून हॉलंडमधील उत्रेख्तचे कलाविद्यालय व वागेनिंगेनचे विद्यापीठ यांनी एक खेळ कल्पिला. कोठडीच्या भिंतीवर एक प्रकाशाचा ठिपका फिरे. डुकरे त्यास नाकाने शिवू पाहत. आणि ठिपका फिरविणारा मनुष्य दूर आपल्या घरी टॅबलेटावर बोट फिरवीत असे. रचणारी मंडळी प्रामाणिक होती. ज्या प्राण्याचे मांस आपण खातो त्याच्याशी माणसाचा काही संबंध उरावा, असा त्यांचा हेतू होता. डुक्कर ठिपक्याकडे पाठ फिरवू शकत होते, म्हणजे नकारही देऊ शकत होते. परंतु पाठ फिरवून जावयाचे कोठे? तेच सिमेंट, तीच दाटी. जेथे दुसरे काहीच नाही तेथे एका गोष्टीस दिलेला होकार हा माझ्या मते नंदीबैलाचाच होकार आहे. फक्त ढोलाच्या जागी रिकामी भिंत आहे. आणि त्या खेळाने खाटकाकडची वाट एका दिवसानेही लांबली नसती, हेही सांगितले पाहिजे.

याच्या उलट एक साधी युक्ती कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात केली गेली. गोठ्यात आजकाल फिरता ब्रश लावतात. गाय त्यास अंग लावून खाजवून घेते. तिला तो खरोखर हवा असतो काय? संशोधकांनी गाईपुढे एक दार बसविले, ते ढकलल्यावाचून पलीकडे जाता येत नसे, आणि दारावरील वजन ते वाढवीत नेत. दारापलीकडे कधी ताजा चारा ठेवीत, कधी ब्रश, कधी काहीच नाही. २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, ब्रशासाठी गाईंनी जवळजवळ ताज्या चाऱ्याइतकेच वजन ढकलले. रिकाम्या जागेसाठी तितके ढकलले नाही. येथे ढोल वाजविणारा कोणी नाही. मान डोलावण्यास काही पडत नाही. वजन ढकलावयाचे तर सर्व अंगाची ताकद लागते, आणि ती कशासाठी वेचावयाची हे गाय ठरविते. भाचीच्या टॅबलेटावरील आकडा आणि हे दार, यांत मला फार मोठे अंतर दिसते. मांजर पुन्हा मासा शोधावयास आली नाही, हे तिचे उत्तर कोणत्याच कोपऱ्यात नोंदले गेले नाही.

हा प्रयोग वाचला तेव्हा मला आमचा उदगीरकडील जुना गोठा आठवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तेथे खांदमळणी होई. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांस हळद व तूप चोळीत, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलांच्या कानात सांगत. श्रावणी अमावास्येस बैलांस ओढ्यावर धूत, शिंगे रंगवीत, झुली घालून वेशीकडे नेत. त्यांचा तो सण. पण वेशीत ढोल-ताशे आणि फटाके यांचा जो गजर होई, त्याने आमचा एक बैल दरवर्षी बिचके व दोघा गड्यांना ओढीत नेई. कोणास त्यात काही वावगे वाटत नसे. मलाही वाटत नव्हते. संध्याकाळी पुरणपोळी भरवून झाली, झूल उतरली, गोंडे सुटले, की ती वानेरा देवणी जोडी, पांढऱ्या अंगाची आणि तोंडाच्या बाजू काळ्या असलेली, गव्हाणीतील हिरव्या चाऱ्याकडेही न पाहता थेट गोठ्याच्या मधल्या मेढीकडे जाई, आणि एकामागून एक मान, वशिंड, पाठ तिच्यावर घाशीत उभी राही. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडे. ती मेढ छपरास आधार म्हणून रोविलेली होती. बैलांसाठी तेथे ती कोणीही ठेवलेली नव्हती.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. बैल जाऊन पुष्कळ वर्षे झाली. गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. मेढ अद्याप आहे. खाली व वर बाभळीचे लाकूड खडबडीतच आहे, परंतु मधला हातभर भाग, बैलाच्या मानेच्या उंचीचा, इतका गुळगुळीत झाला आहे की त्यावर हात ठरत नाही. मी हात फिरवून पाहत होतो, तेव्हा पुतण्या जवळ येऊन म्हणाला, "काका, ही मेढ यंदा काढायचीय. ट्रॅक्टर आत घेताना आड येते."